पितृपक्ष संपेपर्यंत

माझ्या सासऱ्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली. "अजून अंगात ताकद आहे," ते म्हणाले. "पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवू, तिच्यातून दूध घालू. गाठ जाणार नाही, पण उपासमार टळेल. उशीर केलात तर टाके धरणार नाहीत."

सासरे अकोल्याच्या हायस्कुलात गणित शिकवत. एकदा ठरवलं की ठरवलं. "पितृपक्ष लागून राहिला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बापाचं श्राद्ध झाल्याबिगर मी पोट फाडू देत नाही. त्याले उपाशी ठेवून मी जेवू काय?" आमच्या यांनीही मान डोलावली. माझा जीव जळत होता, पण सुनेला कोण विचारतं!

घरी परतलो. श्राद्धाची तिथी पंधरवड्याच्या शेवटाकडे होती. रोज त्यांचा घोट लहान होत गेला. आधी पातळ पेज, मग दूध, मग नुसतं पाणी, तेही चमच्यानं. धोतर कमरेवर ठरेना. श्राद्धाच्या दिवशी मी खीर, वडे, कढी रांधत होते आणि पलीकडे त्यांनी आचमनाला घेतलेलं पाणी नाकावाटे परत येत होतं. शेवटी त्यांनी विधीप्रमाणे पिंड हुंगला, तेवढंच त्यांचं जेवण.

अमरावतीला डॉक्टरांनी पुन्हा चिमटी धरली. सोडली, तरी कातडी तशीच उभी राहिली.

"आता धोका फार आहे," डॉक्टर म्हणाले.

"करा," सासरे म्हणाले. "मी मोकळा झालो."

ऑपरेशन पार पडलं. नरसाळ्यातून पहिलं दूध आत गेलं, तेव्हा पोटावर हात ठेवून ते चक्क हसले. "गरम लागते, सूनबाई." पण जखम भरेना. नळीच्या कडेनं दूध पाझरून पट्टी ओली होऊ लागली. ताप चढला. आंबलेल्या दुधाचा वास खोलीतून जाईना आणि त्या वासातच ते गेले. डॉक्टरांना मी कधी दोष दिला नाही.

वर्षश्राद्धानंतरच्या पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान मांडलं. मी खीर वाढली.

"आणखी वाढ," हे म्हणाले. "बाबाले खीर लय आवडे."

मी पळी यांच्या हातात दिली. "तुमीच वाढा," म्हटलं. "आता नळी नाही लागत."