यवतमाळात टाका मागून पाहतात

मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. तरीही यवतमाळच्या एका छोट्या कलादालनात दर रविवारी बंजारा तांड्यावरच्या बायका भरतकाम शिकवतात असं कळलं, आणि नागपूरहून सकाळची एसटी पकडली. साडेतीन तासांचा रस्ता. खिडकीबाहेर कपाशी, मग तूर, मग परत कपाशी. कळंबला गाडी थांबते, तिथेच चहा उरकून घ्या.

स्टँडवरून लोहाऱ्याकडे जाणारा ऑटो केला. दालन म्हणजे एक जुनं गोदाम, पांढरा चुना लावलेलं. तिकीट नाही, सोमवारी बंद. चष्मा लागत असेल तर विसरू नका, मी विसरले होते.

त्यामुळे शिकायला दिलेल्या रुमालावर टाके घालायला माझी सुई अनिताने ओवून दिली. शिकवणारी तीच, आणि समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममधलं लांबलचक निळं कापडही तिचंच. त्यावर घागऱ्यावरची नेहमीची नक्षी नव्हती. तांड्यापासून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता होता, थांब्याथांब्याला एकेक आरसा. आईला घेऊन तिने वर्षभर या रस्त्याने फेऱ्या मारल्या होत्या. आईची नजर मात्र गेलीच.

"टाका तिनंच शिकवला मले," अनिता म्हणाली. "पण रस्ते काढणं आपलं काम नाही म्हणते. या कापडाले बोटसुद्धा लावलं नाही तिनं. आज पहिल्यांदा येऊन राह्यली." बोलताना तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

जेवायच्या वेळेला आई, अनिताच्या बोलीत याडी, आली. झमकूबाई. सोबत सगळ्यांसाठी बाटी, म्हणजे ज्वारीची जाड भाकरी, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. जेवण झाल्यावर अनिताने तिला भिंतीपाशी नेलं. झमकूबाईंनी हात पुढे केला आणि तो काचेवर आपटला.

"हे काय वं? खिडकी हाय?"

"काच हाय, याडी."

"मंग मी कायनं पाहू?"

शेजारीच 'हात लावू नये' अशी पाटी. दालन सांभाळणारी वैशाली पाटीकडे बघत राहिली, मग गेली आणि पेचकस घेऊन आली. फ्रेम उघडली, कापड सोडवलं. झमकूबाईंनी ते मांडीवर चक्क पालथं घातलं.

"आमच्या तांड्यात टाका मागून पाह्यतात," अनिता मला हळूच म्हणाली. "मागं गाठ दिसली का याडी सगळं उसवाले लावते."

बोटं थांब्यामागून थांबा सरकत होती. "हा आपला फाटा... इथं गाडी बदलाची..." शेवटच्या आरशापाशी ती अडली. "इथं एवढ्या गाठी काहून?"

अनिताचा चेहरा उतरला. "तिथं डॉक्टर म्हणे, नजर येत नाही आता. ते काढताना धागा सारखा तुटे माह्या हातानं." तिने विचारलं, "उसवू काय?"

झमकूबाई कितीतरी वेळ त्या गाठींवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"नको. राहू दे."

मला रडू आलं, उगाच लपवत नाही. वैशालीने कापड परत काचेत घातलं नाही. दोरीला बांधून खोलीच्या मधोमध टांगलं, पुढूनही दिसेल आणि मागूनही. पाटी तिने टेबलाच्या खणात टाकली.

निघताना झमकूबाईंनी माझा रुमालही मागून चाचपला. "हे तं गाठोडं हाय, बाई!" सगळ्या जणी खदखदून हसल्या, मीही.

तो रुमाल आता माझ्या घरी दिवाणखान्यात लावलाय, पालथा. येणारे जाणारे सांगतात, उलटा लागलाय. मी म्हणते, राहू दे.