राबाचा काळा चौकोन

वरून पाहिलं तर पनवेल लाल दिसतं, हे कळायला मला तिसावं वर्ष उजाडावं लागलं. पानं जो उजेड परतवतात आणि आपल्या डोळ्यांना जो दिसत नाही, तो उपग्रहाच्या चित्रात लाल रंगात दाखवतात. जितकं हिरवं रान तितकं लालभडक. खाडी काळी, तिच्या काठची तिवरं काळपट लाल, नवीन पनवेलचे सेक्टर निळसर राखाडी. या कामाच्या पहिल्या दिवशी मी डबा खायला विसरले. ज्या गावात रोज रिक्षावाल्यांशी भांडते ते इतकं देखणं असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

दोन हजार दहाच्या आसपासची ही गोष्ट. वनहक्क कायद्याखाली डोंगरातल्या आदिवासींनी आपण कसत असलेल्या जमिनींवर दावे केले होते. कायद्यात ठरलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन आपणच कसतो, हे त्यांनी दाखवायचं होतं. कागद कोणाकडे असणार! म्हणून एका संस्थेने त्या काळातली उपग्रहाची चित्रं मागवली आणि ती वाचायचं काम मला दिलं. मी तेव्हा स्वतःला भलतीच हुशार समजत होते. एका ठाकूरवाडीतल्या विधवा बाईंच्या दाव्यावर मी अर्ध्या तासात शेरा मारला : ‘जंगल. वणव्याने जळालेला भाग. लागवड नाही.’ चित्र उन्हाळ्यातलं, झाडांचा लाल रंग आणि मधोमध एक काळा ठिपका. दुसरं काय असणार?

शेरा तालुक्याच्या समितीकडे पाठवण्याआधी जागा बघायचा नियम होता, म्हणून गेले. नियम नसता तर गेले नसते, हेही कबूल करते. बाई पन्नाशीच्या. त्या अनवाणी पुढे आणि मी बूट घालून धापा टाकत मागे. उतारावरच्या एका तुकड्याशी थांबून त्या म्हणाल्या, “हितं नाचणी पिकतं. हा गेला तं मंग आमाला वीटभट्टीच हाय.”

मी प्रिंट दगडावर पसरली. त्यांनी ती आधी फिरवली. समोरचा ओहोळ ज्या बाजूला उतरत होता, त्याच बाजूला चित्रातला ओहोळ येईपर्यंत फिरवली. मग बोट ठेवत म्हणाल्या, “ही व्हळ. ह्यो डोंगर. आनि ह्यो माजा राब.”

बोट काळ्या ठिपक्यावर होतं.

“मावशी, तो वणवा आहे,” मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. “वनवा असा चौकोनी लागतं का गं बाय?”

राब हा शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता, तेवढाच. पावसाळ्याआधी शेण, टहाळ म्हणजे तोडलेल्या पानांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन जमिनीचा एक चौकोन भाजतात. तिथे नाचणीचं बी पेरतात आणि रोपं वर आली की ती सगळ्या उतारावर लावतात. मी ज्याला जंगल म्हटलं होतं, ती शेतात मुद्दाम राखलेली ऐनाची झाडं होती, दरवर्षी राबाला टहाळ मिळावा म्हणून. एवढं शिकून मी शेताला रान म्हटलं होतं आणि चुलीसारख्या रोजच्या आगीला वणवा.

ऑफिसात येऊन मी आधीच्या दोन उन्हाळ्यांची चित्रं काढली. तोच उतार, त्याच जागी तोच काळा चौकोन. एक बाई डोक्यावरून पाटी पाटी शेण आणि पाला वाहते आणि त्याची खूण शेकडो किलोमीटर उंचावर पोचते! तीन वर्षं ती तिथे उमटत होती आणि कोणीतरी वाचण्याची वाट बघत होती. मी शेरा बदलला, माझी चूकही त्यात लिहिली आणि तिन्ही चित्रं जोडली.

पुढच्या वर्षी दावा मंजूर झाला. ते सांगायला गेले तेव्हा बाईंनी कागद कपाळाला लावून डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, “ते चित्र दे ना मला.” मी दिलं. त्यांनी कुठल्या सालचं ते विचारलं आणि बोटांवर वर्षं मोजली.

“या साली पावसात माजा मालक गेला. म्हंजे ह्यो राब त्यानंच भाजला.” मग चित्रावर वाकून, “तो दिसतो का यात?”

“माणूस फार लहान असतो मावशी. एवढ्या उंचावरून नाही दिसत.”

त्यांनी चौकोनाला लागून असलेली एक फिकट रेघ दाखवली. ती मीही पाहिली होती आणि चित्रातला दोष समजून सोडून दिली होती.

“ह्यो धूर नाय का? राब पेटता असला की मानूस हलत नाय तितून. इस्तव रानात जाईल ना. हिरवा टहाळ घेऊन हुबा ऱ्हावा लागतं, पार इझेपरत.” त्यांनी रेघेच्या शेजारी, रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. “हितं. हितं हुबा हाय तो.”

मी प्रिंट डोळ्यांजवळ नेली. तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि तो तिथेच उभा होता.