पोटावर रंगवलेला रिकामा हंडा

मी दुष्काळी माण तालुक्यातला. बहात्तरच्या दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि मी माधवनगरात एका मागाच्या कारखान्यात लागलो. कोरड्यातनं सुटलो म्हणून खूश होतो, तर इथंही दुपारपाळीला प्यायला पाणी नाही! काही वर्षं तशीच काढली, मग आम्ही पाच जणांनी साहेबांकडं पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी पाचही जण फाटकाबाहेर. गावाकडचं सगळं घर माझ्या पगारावर होतं, त्यामुळं काहीही करून काम परत मिळवायचं होतं.

अर्ज केले, ते कुणी उघडूनही बघितले नाहीत. शेवटी आम्ही चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले पेंटर. एरवी पाट्या रंगवायचे, कारखान्याच्यासुद्धा, आणि मोहरमात पिराला नवस बोलून वाघाचं सोंग घेणाऱ्यांची अंगं. आम्ही पाचही जण दरसाल नवसाचे वाघ व्हायचो.

"चाचा, आमाला वाघ करा. फाटकावर जातो," मी म्हणालो.

चाचा भडकलेच. "पिराचा वाघ हाय त्यो. त्येला साह्यबाच्या दारात उभा करतोस व्हय रं?" मग आमच्याकडं बघून त्यांनी ब्रश उचलला. "बसा. हायसा तसंच रंगवतो."

उघड्या अंगावर त्यांनी पांढऱ्या फासळ्या काढल्या. ओठ पांढरे, भेगाळलेले केले. पोटावर रिकामा हंडा, उपडा. पाळी सुटायच्या वेळेला आम्ही फाटकावर जाऊन उभे राहिलो. बघता बघता रस्ता माणसांनी भरला आणि साहेब स्वतः बाहेर आले.

"काय पाहिजे तुम्हाला? बोला."

आम्ही गप्प! आमच्याकडं अंगावर रंग असेपर्यंत वाघानं तोंडातून शब्द काढायचा नसतो. इतक्या वर्षांची सवय. आज आपण वाघ नाही, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात येईना. साहेब हसले आणि वळले. काम गेलं, हे मला समोर दिसत होतं, तरी जीभ उचलेना.

तेवढ्यात गर्दीतनं चाचा घुसले. रॉकेलच्या बोळ्यानं त्यांनी सगळ्यांदेखत माझे ओठ खसाखसा पुसले. "बोल आता! नवस फेडाय न्हाई, पानी मागाय आलायस!"

ओठ नुसते झोंबत होते. मी काय काय बोललो ते आज धड सांगता यायचं नाही, पण बेंबीच्या देठापासून ओरडलो. मग बाकीचे चौघं बोलले, मग आतले कामगारही.

आठवड्याभरात आम्ही पाचही जण कामावर होतो आणि मागाच्या खात्यात पाण्याचे माठ आले. कारखान्याच्या पाट्यांचं काम मात्र चाचांकडून काढून घेतलं. कळलं तसा मी त्यांच्याकडं धावलो.

"चाचा, माज्यापायी तुमचं काम गेलं."

ते ब्रश धूत होते. "गेलं तर गेलं. तू तसाच गप ऱ्हायला असतास, तर मला ह्यो ब्रश पुन्यांदा हातात धरवला नसता."

त्या माणसाइतके उपकार माझ्यावर सख्ख्यांनीही केले नाहीत. मी त्यांचे ओले हात घेतले आणि कपाळाला लावले.