सात हजार तीनशे बारावी ओळ

"सगळ्यात उशिराचा आकडा कुठाय?" मिलीताईंचं हे पालुपद. कुणी मोजणीची फाइल पुढे केली, की हातातला चहा बाजूला ठेवून त्या आधी हेच विचारायच्या. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद. उभा जन्म तो मोजण्यात गेला, म्हणून हे नाव पडलं.

लिफ्टला ब्रेक लावायचा हुकूम तिच्यातला छोटा संगणक देतो. उशिरा सुटलेला हुकूम न सुटल्यासारखाच. हुकूम सुटायला लागणारा वेळ ताई दहा हजारदा मोजायच्या, एकेक ओळ फाइलीत मांडायच्या आणि फाइल इतर प्रयोगशाळांना धाडायच्या. सगळ्यांना एकमेकांचं वाचता यावं म्हणून फाइलीचा साचा ठरलेला होता. त्या साच्यात एक खोड होती. दहा मिलिसेकंदांवरचा आकडा दिसला, की तपासणारा प्रोग्रॅम तो मोजयंत्राचा दोष धरायचा आणि अख्खी फाइल परत फेकायचा. मग लोक ती ओळच काढून टाकत. "नखं कापली का?" असं एकमेकांना हसत विचारत.

सहा वर्षांपूर्वी ताईंनीही कापली. ओळ सात हजार तीनशे बारा, आकडा एक्केचाळीस. बाकी सगळे दोन-तीनच्या घरात. साहेबांना फाइल संध्याकाळच्या आत हवी होती. एक कळ दाबली, झालं.

तो संगणक त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये बसला. वर्षाच्या आत, लिफ्ट थांबायला क्षणभर उशीर झाला आणि ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची दोन बोटं गेली. माझंच लक्ष नव्हतं, असं तो सगळ्यांना सांगत राहिला.

तेव्हापासून ताई चार मजले जिन्यानं चढू लागल्या. भिंतीपलीकडे लिफ्ट थांबल्याचा आवाज येई आणि त्यांचा उचललेला पाय तसाच अधांतरी राही. आज जरा उशीरच झाला, असं दर खेपेला वाटे. जुनी फाइल उघडली, की सात हजार तीनशे अकरानंतर थेट तेरा. मधे कुणीतरी उभं आहे आणि आपल्याकडे बघतंय, असं वाटून त्या फाइल मिटून टाकत.

यंदा साचा नव्यानं करायचं ठरलं. साहेबांनी सहीसाठी मसुदा पुढे केला, तर त्यातही तीच खोड. ताई म्हणाल्या, उशिराच्या आकड्याला जागा केल्याशिवाय सही नाही. आणि माझी जुनी फाइल मी त्या ओळीसकट पुन्हा धाडणार. साहेबांनी आधी समजावलं, मग नोकरी जाईल हेही सांगितलं.

"सहा वर्षांनी ती वाचणार कोण?"

"मिस्त्री."

आकडा वहीत जपलेला होता. ताईंनी ओळ जागेवर ठेवली, 'ही मी काढली होती' असं लिहून खाली नाव घातलं आणि फाइल सगळीकडे धाडली. मग पिशवी भरली.

मिस्त्री लिफ्टच्या दाराला तेल देत होता. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यानं फडक्यानं हाताचं तेल पुसलं.

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"माहीत नाही. मी लपवलं नसतं, तर तेव्हाच कळलं असतं."

तो बाजूला सरकला. "या, ताई. खाली सोडतो."

ताईंनी मान हलवली आणि त्या जिन्याकडे वळल्या. मिस्त्री उरलेल्या तीन बोटांनी दार धरून उभा राहिला. जिन्याच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. ताई फाटकाबाहेर पडेपर्यंत तो बघत होता, आणि दार पुन्हा पुन्हा मिटायला बघत होतं.