आईचा दावा

गावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या आईला दुधाच्या टेम्पोनं उडवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखू घ्यायला टपरीवर गेले होते. आवाज झाला तेव्हा त्यांची रस्त्याकडे पाठ होती. टेम्पोवाला आमच्या पासली गावचाच, वरच्या आळीतला. दहाव्याला तो अण्णांच्या पायाशी बसून रडला आणि म्हणाला, "काकींची येळ भरली व्हती, अण्णा." अण्णांनी मान हलवली. पुढं आल्यागेल्याला ते स्वतःच तसं सांगू लागले. तेवढं सांगितलं की त्यांच्या पोटात दोन घास जायचे, म्हणून मी कधी मधे पडले नाही.

दावा लावायचा हट्ट माझा. मला भोंगवलीला दिलेली, अण्णा तिकडं एकटे. भाताची दोन खाचरं आणि दुखरा गुडघा यांच्या जिवावर त्यांचं म्हातारपण निघणार नव्हतं. भरपाई विमा कंपनी देते, टेम्पोवाल्याच्या खिशाला झळ लागत नाही, हे पटल्यावरच त्यांनी सही केली.

वकिलांनी त्यांना एकच गोष्ट पढवली होती. चूक टेम्पोवाल्याची होती हे कोर्टात दिसलं पाहिजे. चूक नाही तर भरपाई नाही. अण्णा सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणाले. मग पुण्याच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं विचारलं, "बाबा, चूक कुणाची?"

"चूक कुणाचीच न्हाई, सायेब. तिची येळ भरली व्हती."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला इतका राग आला, की दुपारी जेवणाचा डबा मी अण्णांपुढं आदळलाच. ते शांतपणे जेवले, वर लोणचं मागून घेतलं.

पुढच्या तारखेला कंपनीनं टेम्पोवाल्याला साक्षीला आणलं. बाई एकाएकी रस्त्यात आली, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. दावा बुडाला असं मी धरूनच बसले होते. तो पिंजऱ्यात उभा राहिला, अण्णांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "काकी कडंलाच व्हत्या. म्या मोबाईल बघत व्हतो. वर बघितलं असतं तर टेम्पो वळला असता."

निकाल आमच्या बाजूनं लागला, यथावकाश पैसेही आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते साक्षीच्या दिवसाचं.

परतीच्या एसटीत मी खुशीत होते, हे कबूल करते. फाट्यावर गाडी थांबली तरी अण्णा उठेनात. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हंजे तिची येळ भरली नव्हती गं."

घरी गेल्यावर मी पिठलं-भात केला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच अण्णांनी ताटाला हात लावला नाही.