रविवारचं पातेलं

अक्काला थोडकं असं काही करताच येत नसे. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत ती शिवणकाम करायची. फाटक्या चादरींचा गठ्ठा पुढ्यात आला की तळ दिसेपर्यंत मशीनवरून उठायची नाही. घरीही तोच खाक्या. उशीचा अभ्रा शिवायला बसली की दहाबारा शिवूनच थांबे, आणि रागावली तर मागच्या दहा वर्षांचं सगळं एकदम बाहेर काढी. आई-वडील गेल्यावर तिने आणि धाकट्या भावाने दोन खोल्यांत संसार मांडला होता. भावाची चाळिशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी त्याचं नाव धाकटाच राहिलं.

एकदा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नवी भांडी आली आणि जुनी विकायला निघाली. त्या संध्याकाळी अक्का हातगाडीवरून एक पातेलं घेऊन आली. ते दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी हातगाडीवाल्याने बाहेरून ढकललं, धाकट्याने आतून ओढलं, तेव्हा कुठे ते घरात आलं.

"अक्का, यात आंघोळ कुणाला घालायची?" धाकट्याने घाम पुसत विचारलं.

"आठवड्याचा स्वयंपाक करायचा. रविवारी एकदाच काय ते रांधलं की शनिवारपर्यंत फक्त गरम करायचं. पैसा वाचतो, गॅस वाचतो, मी वाचते."

शनिवारी बाजार उठायच्या वेळेला ती पिशवी घेऊन जाई. मऊ पडलेली गाजरं आणि मोड आलेले बटाटे भाजीवाल्याला परत न्यायचे नसत, तो स्वस्तात देऊन टाकी. सुका घेवडा पोत्याने घरात होताच, तो रात्री बादलीत भिजत पडे. रविवारी पातेलं दोन्ही शेगड्यांवर मिळून एकदाच बसे. ढवळायला साधा डाव पुरेना, म्हणून धाकट्याने कामावरून सोफ्याची एक लाकडी पट्टी आणून घासून गुळगुळीत करून दिली. फ्रिजचे कप्पे काढून टाकले. दार उघडलं की आत डबेच डबे, सगळे एका तोंडावळ्याचे.

सोमवारी तो रस्सा फार छान लागे. मंगळवारीही बरा लागे. बुधवारपासून धाकटा जेवायला बसायच्या आधी खिडकीतून उगाच बाहेर बघत उभा राहू लागला. गुरुवारी अक्का म्हणायची, "आज वेगळी चव आहे बघ, लिंबू पिळलंय." धाकटा मान डोलवायचा. लिंबू पिळलं म्हणून घेवड्याचा का आंबा होतो, हे तो मनातच म्हणे. दिवसभर चादरी शिवून आलेल्या बहिणीला नावं ठेवायची त्याची छाती नव्हती. अशा वेळी माणसाने मूग गिळून गप्प बसावं, पण याच्या घशाखाली आधीच घेवडा होता.

धाकटा सोफे दुरुस्त करायच्या कारखान्यात कापड चढवायचं काम करी. दुपारी सगळे कारागीर गिऱ्हाइकांच्या अर्धवट सोफ्यांवर बसून जेवत. एक जण मात्र खाली भुशात बसे. तो सोफ्यांचे लाकडी सांगाडे बनवायचा, म्हणून त्याला सांगाडे म्हणत. अंगानेही तो तसाच होता. पन्नाशीला आलेला, एकटा, कारखान्यामागच्या खोलीत राहणारा. रोज कोरडा पाव आणि उकडलेलं अंडं खायचा, आणि दिवसभरात बोलायचा तेही अंड्याएवढंच.

एका गुरुवारी धाकट्याने आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. "घ्या. मला आज भूक नाही."

सांगाडेने पहिला घास घेतला आणि हातोडी थांबावी तसा थांबला. मग डबा असा पुसून खाल्ला की धुवायची गरज उरली नाही.

"उद्या पण हेच असेल?" त्याने विचारलं.

"हेच. परवा पण हेच."

"वा!" सांगाडे म्हणाला, आणि आपलं अंडं धाकट्याच्या हातावर ठेवलं.

त्या दिवसापासून अदलाबदल सुरू झाली. पुढे फोम कापणाऱ्या मावशींनी चव घेतली, मग मालकाने घेतली. धाकटा चार डबे नेऊ लागला. रिकामे डबे बघून अक्काला भरून आलं. "तुला एवढं आवडतं हे मला माहीतच नव्हतं रे!" असं म्हणून तिने घेवडा वाढवला. धाकट्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. डब्यांच्या ओझ्याने एक खांदा उतरला, पण अंडं सुटेना.

बिंग फुटायला एक विसरलेला डबा पुरला. अर्धी रजा टाकून अक्का तो द्यायला कारखान्यात आली, तर मालकापासून मावशींपर्यंत सगळे तिच्या डब्यांत पाव बुडवत होते आणि तिचा भाऊ तोंडात अख्खं अंडं कोंबून बसला होता. त्याला बोलता येईना, गिळताही येईना.

"हे काय चाललंय?" अक्काचा आवाज चढला.

सांगाडे भुसा झटकत उठला. "तुम्हीच करता ना हे? शुक्रवारी मीठ जरा वर येतं."

"कशाने?" अक्काने कमरेवर हात ठेवले.

"गरम करून करून पाणी आटतं. वरून घोटभर घालायला हवं. बाकी तोड नाही. पहिल्या दिवशी बटाटा वेगळा लागतो, चौथ्या दिवशी रश्शात विरघळतो. मला चौथ्या दिवसाचा जास्त आवडतो."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या चौथ्या दिवसाबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. धाकट्याला मात्र घरी गेल्यावर मागच्या दहा वर्षांचं सगळं ऐकावं लागलं.

पुढच्या रविवारी पातेल्याचा कान बसवायला सांगाडे घरी आला. त्याच्या पुढच्या रविवारी स्टुलाचा पाय बसवायला आला. मग घरात मोडकं काही उरलं नाही, तरी येत राहिला.

"तुला दिसत कसं नाही रे?" फोमवाल्या मावशी एकदा धाकट्याला म्हणाल्या. "सगळा कारखाना तिला अक्का म्हणतो. मीसुद्धा म्हणते, आणि मी तिच्यापेक्षा मोठी आहे. एकटा सांगाडे काही म्हणत नाही."

धाकट्याच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. घरी जाऊन त्याने सरळच विचारलं. अक्का बटाटे सोलत होती, ती वर न बघता म्हणाली, "विचारलंय त्यांनी."

"काय विचारलं?"

"रोज हेच मिळेल का, म्हणाले. मी म्हटलं, मिळेल."

कचेरीत सह्या करून लग्न झालं. अक्का पातेल्यासकट कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. धाकट्याने फ्रिजचे कप्पे परत बसवले आणि रोज ताजं रांधायचं ठरवलं. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. आठवडा सरायच्या आत तो ओट्याशी उभ्यानेच कोरडा पाव चावत होता. कामावर सांगाडेला 'भाऊजी' म्हणताना जीभ अडखळत होती, ते वेगळंच.

रविवारी भाऊजीच दारात आले. "चला. गाजरं सोलायला हात कमी पडतात."

धाकटा निमूटपणे गेला. अक्काने त्याच्या हातात सुरी दिली. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि चमकला. "हे काय, मसूर? घेवडा नाही?"

"यांना बदल हवा होता."

"अगं, मला इतकी वर्षं बदल हवा होता!"

"मग तोंडाने कधी बोललास?" अक्का म्हणाली. "हे पहिल्याच आठवड्यात बोलले."

भाऊजी शेगडीशी उभे राहून मन लावून पातेलं ढवळत होते. धाकट्याने खालमानेने गाजर उचललं आणि सोलायला घेतलं. जरा वेळाने, आवाज शक्य तितका साधा ठेवून, तो म्हणाला, "पुढच्या रविवारी वाटाणे कर की."