बसवून दिलेले तीर्थ

मी तोलल्याशिवाय काही मानणारा माणूस नाही. फुलसावंगीला व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस तोलण्याचे काम मी बरीच वर्षे केले. पूजाही रोज करत असे, तीही तशीच: वडिलांनी शिकवलेल्या क्रमात फरक नाही. पण देव खरेच ऐकतो का, असे कोणी विचारले असते तर मला हो म्हणता आले नसते. शेर-मण जाऊन काट्यावर किलोची वजने आली, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

हरचंद माझा मित्र. जवळच्या बंजारा तांड्यावर त्याची शेती. त्याच्या आजाने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिले. हरचंद कापूस पिकवायचा आणि तो माझ्या काट्यावर आणता आणता आमची मैत्री झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगा झाला. मुलाचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता आणि आत टाळूलाही फट होती. त्याला अंगावर पिता येत नव्हते. त्याची आई जमनी दूध काढून, त्याला मांडीवर आडवे घेऊन चमच्याने पाजायची. ते नाकातून परत यायचे, लेकराला ठसका लागायचा आणि ते निळे पडायचे.

तांड्यातल्या बायका म्हणत, "गिऱ्हाणात इळ्यानं काही चिरलं असन हिनं." जमनी म्हणे, "गिऱ्हाणात मले खाटेवरून उठू तरी देल्लं होतं का?" हरचंदच्या आईला सगळे याडी म्हणत. ग्रहणभर तीच दाराशी बसून होती, त्यामुळे खरे काय ते तिला ठाऊक होते. त्या बायकांना तीच हाकलून लावी.

मुलाला घेऊन मी हरचंदबरोबर पुसदला गेलो. डॉक्टर म्हणाले, ओठ शिवता येतो, पुढे टाळूही शिवता येते, नागपूरला हे काम होते; पण आधी मूल दहा पौंडांचे झाले पाहिजे. आम्ही एसटीने परत निघालो. मी मनात पौंडांचे किलो करत होतो. साडेचार. लेकरू त्याच्या निम्मेही नव्हते, आणि होते तेही उतरत चालले होते.

पुढे एका सकाळी याडीचा निरोप आला: लेकरू आता रडतसुद्धा नाही, तीर्थ घेऊन या. आमच्या घरी माहूरहून आणलेले पाणी तांब्याच्या गडूत भरून ठेवलेले असे. कोणाचा शेवट जवळ आला की लोक ते मागायला येत. त्यामुळे निरोपाचा अर्थ मला सांगावा लागला नाही. गडू आणि देवघरातली पळी पिशवीत घालून मी सायकलने निघालो. वाटेत देवाला काही मागितले नाही. मागून काही होईल असे वाटत नव्हते.

लेकरू जमनीच्या मांडीवर आडवे होते. पोट आत गेलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी पळी भरली आणि सवयीने म्हणालो, "याला बसवा."

हरचंद चिडला. "अरे, मरतं लेकरू हाये ते. त्याले पंगतीत बसवतं का?"

"आडव्याले तीर्थ देत नाई," मी म्हणालो. वडिलांचा नियम होता तो. जाणाऱ्या माणसाला निजल्या जागी पाजतात, हे मला माहीत होते. पण त्या वेळी ते सुचलेच नाही.

"बसव वो जमनी," याडी म्हणाली. "याचा नेम चुकला तं हा घरी जाऊन पूजा पह्यल्यापासून करन."

जमनीने मान धरून त्याला उभे बसवले. फाटलेल्या बाजूला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून धडक्या बाजूने गालाच्या आत मी पळीचे टोक टेकवले. थेंबभर सोडले आणि थांबलो. तीर्थ तीनदा देतात, म्हणून तीनदा दिले. गळा हलताना मला दिसला. नाक कोरडे होते.

हे आधी जमनीच्या लक्षात आले. "भाऊजी," ती म्हणाली, "नाकातून नाई आलं." मग माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने हात पुढे केला. "पळी द्या इकडं."

ती पाठमोरी झाली आणि वाटीत दूध काढून त्याला तसेच बसवून पळीने थेंब थेंब पाजू लागली. फार वेळ लागला. दुपारी लेकरू रडले. हरचंद उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. ते त्याने आधीच दाखवलेले होते.

त्यानंतर दर बाजारी हरचंद मुलाला माझ्या काट्यावर आणू लागला. "काटा मारू नको बे," म्हणायचा आणि स्वतःच वाकून बघायचा. साडेचार किलोंचे पारडे वर गेले, तेव्हा आम्ही नागपूरची वाट धरली. ओठ त्या खेपेस शिवला, टाळू नंतर. मुलगा आज थोडा नाकात बोलतो, पण पुष्कळ बोलतो.

अशा लेकराला बसवून पाजावे, हे एखाद्या जाणत्या सुईणीनेही सांगितले असते, असे मला कोणी म्हणाले. सांगितले असते. माझा त्यावर वाद नाही. मला एवढेच माहीत आहे की त्या सकाळी मी लेकरू देवाच्या हवाली करायला गेलो होतो, आणि त्याने ते आमच्याच हवाली केले. त्यासाठी त्याला माझी श्रद्धा लागली नाही. माझी जुनी खोड पुरली. तेव्हापासून मी हातून होईल ते नेमाने करतो आणि बाकीचे त्याच्यावर सोडतो. आता सोडताना जड वाटत नाही.

पळी मी परत मागितली नाही. घरी चमच्याने तीर्थ देतो. घ्यायला कोणी आले की अजूनही आधी म्हणतो, बस.